दारात थांबलेला खातेदार

संगणकावर एखादे सरकारी किंवा बँकेचे काम उरकायला बसलेल्या माणसाला हल्ली एक प्रश्न वारंवार विचारला जातो. तुमचे नाव काय, खाते क्रमांक काय, हे नंतर. आधी सांगा, तुमचे यंत्र कोणत्या घराण्याचे? पडद्यावर तीन चौकटी उमटतात. विंडोजसाठी ही फाइल, मॅकसाठी ती, लिनक्ससाठी तिसरी. आपली निवडा, उतरवून घ्या, बसवा, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा आणि मग पुढे या. कधी तीनऐवजी दोनच चौकटी असतात, कधी एकच. एकच असली की तिच्यावर बहुधा विंडोजचे नाव असते. ज्याच्याकडे विंडोज नाही त्याने काय करावे, याचा उल्लेख कुठे नसतो.

हे सगळे तांत्रिक आहे अशी समजूत करून घेऊन आपण ते नातवाकडे किंवा चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे सोपवून मोकळे होतो. माझे म्हणणे असे आहे की हा प्रश्न तंत्राचा कमी आणि हक्काचा जास्त आहे. मात्र ते म्हणण्याआधी तंत्राची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. नाहीतर आपली तक्रार म्हणजे नुसती कुरकुर ठरते.

एकाच कामासाठी तीन फाइली का लागतात? कारण कोणताही प्रोग्राम एकट्याच्या बळावर काम करत नाही. फाइल उघडायची, पडद्यावर चौकट काढायची, यूएसबीच्या खाचेत बसवलेल्या उपकरणाशी बोलायचे, यांपैकी प्रत्येक गोष्टीसाठी तो ऑपरेटिंग सिस्टीमकडे अर्ज करतो. विंडोजचा अर्जाचा नमुना वेगळा, मॅकचा वेगळा, लिनक्सचा वेगळा. एका बँकेची पैसे भरण्याची स्लिप दुसऱ्या बँकेच्या खिडकीवर चालत नाही, तसेच हे. म्हणून विंडोजची डॉट ईएक्सई फाइल मॅकवर चालत नाही, मॅकची डॉट डीएमजी विंडोजला कळत नाही, आणि लिनक्समध्ये तर उबुंटूच्या कुळाला डॉट डेब लागते व रेड हॅटच्या कुळाला डॉट आरपीएम. त्यात प्रोसेसरचा भेद निराळाच. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये स्वतःची एम-१ चिप असलेले मॅक बाजारात आणले, तेव्हापासून मॅकसाठीदेखील काही ठिकाणी दोन फाइली दिसू लागल्या.

खरे तर या कटकटीतून सुटण्याची सोय ब्राउझरमध्येच आहे. ब्राउझरचे एक्स्टेन्शन म्हणजे त्याला जोडलेली छोटी पुरवणी. कुणी जाहिराती अडवते, कुणी पासवर्ड लक्षात ठेवते, कुणी मराठीत टंकलेखनाची सोय करून देते. ते वेबपानांच्याच भाषेत, जावास्क्रिप्टमध्ये, लिहिलेले असते आणि ते विंडोजशी किंवा लिनक्सशी थेट बोलत नाही, ब्राउझरशी बोलते. त्यामुळे फायरफॉक्सची डॉट एक्सपीआय फाइल किंवा क्रोमची डॉट सीआरएक्स फाइल साधारणपणे तिन्ही सिस्टीमवर तीच चालते. आतून पाहिले तर दोन्ही झिप फाइलीच. सीआरएक्सच्या माथ्यावर डिजिटल सहीचा मजकूर असतो एवढेच. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्सने आपल्या ५७ व्या आवृत्तीत जुनी पद्धत टाकून क्रोमशी मिळतीजुळती पद्धत स्वीकारली. जून २०२१ मध्ये ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला एकत्र येऊन एक्स्टेन्शनची भाषा समान ठेवण्यासाठी एक गटही स्थापन झाला.

मग त्या तीन चौकटी येतात कुठून? एक्स्टेन्शनला ब्राउझरच्या कुंपणाबाहेर हात घालायचा असला की त्या येतात. यूएसबी टोकनमध्ये ठेवलेली डिजिटल सही हे त्याचे नेहमीचे उदाहरण. ब्राउझर एक्स्टेन्शनला मुद्दाम कुंपणात ठेवतो, आणि ते योग्यच आहे. म्हणून बाहेरच्या कामासाठी संगणकावर एक निराळा सहायक प्रोग्राम बसवावा लागतो आणि एक्स्टेन्शन त्याच्याशी निरोपांची देवाणघेवाण करते. हा सहायक मात्र ऑपरेटिंग सिस्टीमला बांधलेला. विंडोजमध्ये त्याची नोंद रजिस्ट्रीत करायची, मॅक आणि लिनक्समध्ये ठरावीक फोल्डरात एक छोटी फाइल ठेवायची. म्हणजे एक्स्टेन्शन एक, पण सहायक तीन. ते तीनदा लिहायचे, तीनदा तपासायचे, दर सुधारणेला तिन्ही बदलायचे. हे खर्चाचे काम आहे. खर्च वाचवायचा ठरला की कात्री कोणावर चालते हे सांगायला नको. जे संख्येने थोडे, त्यांच्यावर.

हे थोडे लोक किती काळ दाराबाहेर राहू शकतात, हे पाहायचे तर दक्षिण कोरियाचे उदाहरण अभ्यासावे. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या निर्यात नियमांमुळे परदेशांत मिळणाऱ्या ब्राउझरमध्ये ४० बिटांचे दुबळे कूटलेखन असे. बँकेचे व्यवहार त्यावर सोपवणे धोक्याचे होते. कोरियाने १९९८ मध्ये ‘सीड’ नावाचे स्वतःचे १२८ बिटांचे कूटलेखन तयार केले आणि १९९९ मध्ये डिजिटल सहीचा कायदा केला. हेतू उत्तम होता, कामही चोख होते. पण कोणत्याच ब्राउझरला हे सीड येत नव्हते. ते शिकवण्यासाठी इंटरनेट एक्स्प्लोररमधल्या ‘ॲक्टिव्हएक्स’ या जोडणीचा रस्ता धरण्यात आला, आणि हा रस्ता व्यवहारात विंडोजपुरताच होता. जानेवारी २००० मध्ये अमेरिकेने निर्यातीचे नियम सैल केले. मूळ अडचण दूर झाली. तोडगा मात्र जागच्या जागी राहिला.

पुढची जवळजवळ दोन दशके त्या देशात बँकेचे काम, ऑनलाइन खरेदी, सरकारी अर्ज, सगळे एकाच कंपनीच्या एकाच ब्राउझरभोवती फिरत राहिले. मॅक किंवा लिनक्स वापरणारा नागरिक आपल्याच पैशांपर्यंत पोचू शकत नव्हता. कोरिया विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक किम कीचांग यांनी २००७ मध्ये याविरुद्ध न्यायालयाचे दार ठोठावले. ते हरले. अखेर या प्रश्नाला वाचा फुटली ती न्यायालयात नव्हे, एका कोटामुळे. २०१३ च्या डिसेंबरपासून २०१४ च्या फेब्रुवारीपर्यंत चाललेली एक कोरियन मालिका चीनमध्ये तुफान गाजली. नायिकेने घातलेला कोट चिनी प्रेक्षकांना हवा होता, पण कोरियन दुकानांच्या संकेतस्थळांवरचा प्रमाणपत्रांचा आणि ॲक्टिव्हएक्सचा अडसर त्यांना ओलांडता येईना. मार्च २०१४ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष पार्क ग्युन-हे यांनी दूरचित्रवाणीवरून दाखवल्या गेलेल्या बैठकीत हा कोटाचा दाखला दिला आणि चक्रे फिरली. आपल्या नागरिकांची गैरसोय वर्षानुवर्षे कुणाला दिसली नव्हती. परदेशी गिऱ्हाइकाची दिसली. यात कोरियाला हसण्यासारखे काही नाही. सगळीकडचा कारभार असाच चालतो.

गंमत पुढेच आहे. ॲक्टिव्हएक्स हटवा म्हटल्यावर अनेक संस्थांनी ते हटवले आणि त्याजागी उतरवून घ्यायच्या डॉट ईएक्सई फाइली ठेवल्या. दार तेच राहिले, फक्त कडी बदलली. त्या विशिष्ट प्रमाणपत्रांचा कायदेशीर विशेष दर्जा डिसेंबर २०२० मध्ये रद्द झाला. तरीही सुरक्षेच्या नावाखाली ग्राहकांच्या संगणकांवर बसवलेले प्रोग्राम राहिलेच. जानेवारी २०२३ मध्ये व्लादिमीर पलांट या संगणकतज्ज्ञाने यांपैकी एका प्रोग्रामची चिरफाड प्रसिद्ध केली. टंकलेले पासवर्ड कुणी चोरू नयेत म्हणून बँका तो ग्राहकांकडून बसवून घेत. त्याचे एक्स्टेन्शन आणि त्याचा सहायक यांत अशी भगदाडे होती की चोरांपासून रक्षण करणारा हा पहारेकरीच चोराच्या कामी येऊ शकला असता. त्याच वर्षी मार्चमध्ये, वित्तीय व्यवहारांसाठी देशभर बसवलेल्या अशाच दुसऱ्या एका प्रोग्राममधल्या त्रुटीचा उत्तर कोरियाच्या हॅकरांनी फायदा घेतल्याचे दक्षिण कोरियाच्या गुप्तचर यंत्रणेने जाहीर केले. घरोघरी एकच कुलूप बसवले की एक किल्ली सापडताच सगळी घरे उघडतात.

बँकेतल्या नोकरीत या कथेची छोटी रूपे मी पुष्कळ पाहिली आहेत. एका विशिष्ट अडचणीवर परिपत्रक निघते. अडचण दोन वर्षांत संपते. परिपत्रक वीस वर्षे राहते. कारण परिपत्रक काढणे हे कुणाचे तरी काम असते, ते मागे घेणे हे कुणाचेच नसते. त्यात नियमाने हेतू सांगण्याऐवजी हत्यार सांगितले असेल तर विचारूच नका. ‘रक्कम सुरक्षित ठेवा’ हा नियम शंभर वर्षे टिकतो. ‘अमुक बनावटीच्या तिजोरीत ठेवा’ हा नियम त्या बनावटीचा कारखाना बंद पडला की हास्यास्पद होतो.

आपल्याकडे काय झाले? २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने सुरुवातीला एकाच तंत्रावर आधारलेल्या डिजिटल सहीला मान्यता दिली. २००८ च्या दुरुस्तीने, जी ऑक्टोबर २००९ मध्ये अमलात आली, ‘इलेक्ट्रॉनिक सही’ ही व्यापक संकल्पना आणली आणि नव्या पद्धतींना दार मोकळे ठेवले. त्यातूनच २०१५ मध्ये आधारवर बेतलेली ई-साइन पद्धत आली. त्याच वर्षी प्राप्तिकराचे विवरणपत्रही मोबाइलवर येणाऱ्या संकेतांकाने पडताळता येऊ लागले. ज्याला पूर्वी सही केलेला कागद टपालाने बंगळूरला पाठवावा लागे, त्याचे काम दोन मिनिटांत होऊ लागले. संगणक कुठला, हे कुणी विचारले नाही. यात आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल यांच्यावर सगळी भिस्त आहे आणि ती अनेकांना मान्य नाही, हे मला ठाऊक आहे. तो वाद निराळा आणि महत्त्वाचा आहे. पण नागरिकाच्या यंत्रावर काहीही न बसवता सही घेता येते, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले.

तरीही यूएसबी टोकनचे राज्य संपलेले नाही. कंपन्यांचे संचालक, चार्टर्ड अकाउंटंट, निविदा भरणारे कंत्राटदार यांना ते लागतेच. पूर्वी हे काम ब्राउझरमधल्या जावा ॲप्लेटने होई. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने आणि मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सने अशा जुन्या प्लगइनचा रस्ता सुरक्षेच्या कारणास्तव बंद केला. तेव्हापासून सहायक प्रोग्राम उतरवून घेण्याचा जमाना सुरू झाला. टोकनचा ड्रायव्हर वेगळा, सहायक वेगळा, प्रत्येकाची विंडोज, मॅक, लिनक्ससाठी फाइल वेगळी. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री यांतले एक जरी दुसऱ्याशी बोलेनासे झाले की माणूस रडकुंडीला येतो. माझ्या परिचयातल्या एका छोट्या कंत्राटदाराने लिनक्स असलेला संगणक केवळ निविदा भरता येत नाही म्हणून कोपऱ्यात ठेवला आणि उधारीवर दुसरा घेतला. त्या निविदेच्या अटींमध्ये ‘संगणक विंडोजचा असावा’ असे कुठेही लिहिलेले नव्हते. लिहिले असते तर निदान आक्षेप तरी घेता आला असता.

यातली विसंगती पाहा. सरकारच्याच सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये ‘बॉस’ नावाची लिनक्सवर आधारलेली भारतीय ऑपरेटिंग सिस्टीम आणली. केरळातल्या सरकारी शाळांमध्ये मुले लिनक्सवर संगणक शिकतात. २०१० मध्ये केंद्र सरकारने ई-कारभारासाठी खुल्या मानकांचे धोरण जाहीर केले, २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण आणले. एका हाताने मुलांना लिनक्स शिकवायचे आणि ती मोठी होऊन व्यवसायात उतरली की दुसऱ्या हाताने दार लावून घ्यायचे, याला धोरण म्हणत नाहीत. शिवाय मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारी पण धडधाकट अशी कितीतरी यंत्रे घरांत आणि छोट्या दुकानांत आहेत. त्यांच्या मालकांपुढे नवे यंत्र घेणे किंवा लिनक्सकडे वळणे हे सरळ पर्याय आहेत. तेव्हा दाराबाहेरची गर्दी कमी होणारी नाही.

मराठी माणसाला तर हा अनुभव नवा नसावा. युनिकोडचे मानक १९९१ पासून देवनागरीसह उपलब्ध होते, पण रोजच्या वापरात यायला त्याला दीड दशक लागले. मधल्या काळात मराठी मजकूर वाचायचा तर ‘आधी आमचा फाँट उतरवून घ्या’ अशी पाटी संकेतस्थळावर असे. प्रत्येकाचा फाँट वेगळा, त्याची अक्षरांची मांडणी वेगळी. एकाच्या फाँटमध्ये लिहिलेले ‘महाराष्ट्र’ दुसऱ्याच्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला होऊन दिसे. भारतीय भाषांचा असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून दाखवणारे ‘पद्मा’ नावाचे फायरफॉक्सचे एक्स्टेन्शनही निघाले होते. ते उपयोगी होते, पण रोगावरचा उपाय नव्हे. काठीचा आधार होता. रोग बरा झाला तो सगळ्यांनी एक मानक मानल्यावर. आज कोणत्याही यंत्रावर मराठी वाचताना काही उतरवून घ्यावे लागत नाही आणि कधीकाळी ते लागत होते हे नव्या पिढीला सांगूनही पटत नाही. मानकाचा विजय असा असतो. तो झाला की दिसत नाही.

यावर कुणी म्हणेल, सगळे एक्स्टेन्शनवरच सोपवा ना. अधिकृत दुकानातून घ्या, एकच फाइल सर्वांना चालेल. हे अर्धेच खरे आहे. पहिली गोष्ट, दुकान कुणाचे? क्रोमने २०१४ पासून विंडोजवर आणि २०१५ पासून मॅकवर आपल्या दुकानाबाहेरची एक्स्टेन्शन सामान्य ग्राहकाला बसवू देणे बंद केले. सफारीसाठी एक्स्टेन्शन द्यायचे तर ते ॲपमध्ये गुंडाळून ॲपलच्या नियमांनुसार द्यावे लागते आणि निर्मात्याला त्यासाठी वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात. अशा बंधनांनी बऱ्याच भुरट्या फाइलींना आळा बसला, हे मान्य केले पाहिजे. पण किल्ल्या एकाच हाती गेल्या, हेही मान्य केले पाहिजे. ४ मे २०१९ रोजी मोझिलाचे एक प्रमाणपत्र मुदतीत नूतनीकरण न झाल्यामुळे संपले आणि जगभरच्या फायरफॉक्समधली एक्स्टेन्शन एकाएकी बंद पडली. कुणाच्या संगणकात काही बिघडले नव्हते. दूरच्या कचेरीतल्या एका कागदाची तारीख उलटली होती.

दुसरी गोष्ट, दुकानातला माल कायम तोच राहतो असे नाही. न वापरलेल्या टॅब झोपवून ठेवणारे ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे क्रोमचे लोकप्रिय एक्स्टेन्शन २०२० मध्ये मूळ निर्मात्याने दुसऱ्याला विकले. नव्या मालकाने त्यात काय कालवले याची कुजबुज झाली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक म्हणून काढून टाकले. डिसेंबर २०२४ मध्ये, ऐन नाताळात, सायबरहेवन या खुद्द सुरक्षा क्षेत्रातल्या कंपनीच्या कर्मचाऱ्याला फसव्या ईमेलने गंडवून चोरांनी तिच्या एक्स्टेन्शनची विषारी आवृत्ती अधिकृत दुकानातून ग्राहकांपर्यंत पोचवली. ग्राहकाने काही उतरवून घेतले नव्हते. जुने एक्स्टेन्शन आपोआप ‘सुधारले’ होते. आपण ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची व बदलण्याची परवानगी’ या ओळीवर न वाचता होकार देतो, तेव्हा आपल्या पासबुकाची, पत्रांची आणि पासवर्डांची वही परक्याच्या हाती ठेवत असतो. म्हणून व्यक्तिगत पातळीवर माझा सल्ला जुन्या कॅशियरचा आहे. एक्स्टेन्शन मोजकी ठेवा, महिन्याकाठी शिल्लक जुळवावी तशी यादी तपासा, आणि ज्याचे काम उरले नाही ते काढून टाका.

पण व्यक्तीने सावध राहायचे आणि संस्थेने मोकळे सुटायचे, हा न्याय नव्हे. बँका, सरकारी खाती आणि सार्वजनिक संस्था यांच्याकडून तीन गोष्टींची अपेक्षा ठेवली पाहिजे. पहिली, जे काम ब्राउझरच्या समान मानकांवर होऊ शकते त्यासाठी ग्राहकाला काहीही उतरवून घ्यायला लावू नये. खातेदाराची ओळख पटवण्यासाठी वेबऑथन हे मानक मार्च २०१९ पासून अधिकृत आहे आणि सर्व प्रमुख ब्राउझरांना ते येते. दुसरी, फाइल खरोखरच अपरिहार्य असेल तर ती तिन्ही सिस्टीमसाठी एकाच दिवशी, एकाच दर्जाची मिळावी. आणि एखादी नसेल तर त्या नागरिकाला कार्यालयात कागदावर काम करून घेण्याचा हक्क असावा, मेहेरबानी नव्हे. तिसरी, अशा प्रत्येक सक्तीला मुदत असावी. ठरावीक वर्षांनी ती आपोआप संपावी आणि हवी असेल तर ज्याला हवी त्याने कारण देऊन पुन्हा मंजूर करून घ्यावी.

यात अशक्य काही नाही. रिझर्व्ह बँकेने सीटीएस-२०१० या नावाने धनादेशाचे मानक ठरवले. आज कोणत्याही बँकेचा धनादेश कोणत्याही बँकेत वटतो. यूपीआय २०१६ मध्ये आले, तेव्हा कोणत्याही ॲपमधून कोणत्याही बँकेत पैसे पोचतील अशीच त्याची रचना होती. आणि मार्च २०२२ मध्ये तर साध्या बटनांच्या फोनवरून पैसे पाठवण्याची यूपीआय १२३-पे ही सोयही झाली. ज्याच्याकडे महागडा फोन नाही तोही खातेदारच आहे, हे कुणाला तरी आठवले म्हणून ते झाले. बँकेच्या काउंटरवर आम्ही अंगठा उठवणाऱ्या माणसाचे पैसे कधी अडवले नाहीत. सही येत नाही म्हणून तो परत जात नसे. त्याच्यासाठी साक्षीदार शोधला जाई. ती रीत कागदाबरोबर रद्दीत जाऊ देण्याचे काही कारण नाही.